यल्लूबाई

बेळगाव-निपाणी भागातील खेड्यांतून एके काळी सर्रास आढळणारे 'यल्लूबाई' हे नाव आता नव्या पिढीत क्वचितच कानी पडते. सौंदत्तीच्या डोंगरावरील यल्लम्मा हे त्याचे मूळ. कानडीत 'एल्ल' म्हणजे सर्व. म्हणून सर्वांची आई, असा अर्थ लोक लावतात. कानडी घरांत तिची 'यल्लव्वा' झाली, मराठी घरांत 'यल्लूबाई'. देवीस मुली सोडण्याच्या चालीने या नावाभोवती संकोच निर्माण केला, असे आम्हांस वाटते. ती चाल मुंबई इलाख्यात १९३४ साली व कर्नाटकात १९८२ साली कायद्याने निषिद्ध झाली. संकोच मात्र उरला. आज लेकीचे नाव 'रेणुका' आनंदाने ठेवतात. परशुरामाची माता रेणुका हीच यल्लम्मा, असे भक्त मानतात. मग आजीचे नाव नातीस देण्यात कमीपणा कसला?