मटारच्या रोपाचा डेमो

रिसोडला आमच्या ओळखीचे एक स्टुडिओवाले काका आहेत. त्यांचं घर आता लग्नाच्या अल्बमवर चालत नाही. पासपोर्ट फोटो, गेलेल्या माणसाचा ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला चेहरा, अतिवृष्टी झाली की पाण्यात उभ्या सोयाबीनचे फोटो, मोबाइल न जमणाऱ्या म्हाताऱ्यांची ई-पीक पाहणी, अशी सगळी कामं ते करतात. "याला फोटोग्राफी म्हणायचं का रे?" असं मला विचारतात. मला अशा वेळी दादासाहेब फाळके आठवतात. 'राजा हरिश्चंद्र'वाले नव्हे, त्याआधीचे.

फाळक्यांची गोष्ट आपण १९१३पासून सुरू करतो आणि मागची वीसेक वर्षं 'अपयश' म्हणून उरकतो. ते मला पटत नाही. १८९०च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात शिकत असताना त्यांच्या हाती कॅमेरा आला. पुढे गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला. तिथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं, आणि गोध्रा सुटलं. मग बडोद्यात पुन्हा स्टुडिओ, तर कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो अशी वदंता. गिऱ्हाईकच येईना. आमच्या धंद्यात याला मार्केट नसणं म्हणतात, पण इथे मार्केट चक्क घाबरलेलं होतं.

चेहऱ्यांवर पोट भरेना, तेव्हा त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोगही केले, 'फाळके' उलटं करून 'प्रोफेसर केल्फा' या नावानं. १९०३मध्ये पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून नोकरी धरली. ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला आणि रवि वर्म्यांच्या प्रेससाठी फोटो-लिथोचं काम केलं. फोटोवरून छपाईचा दगड तयार करायचा, आणि त्यावरून निघालेली लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर लागायची. स्टुडिओत कोणी बसायला तयार नव्हतं, पण फोटोच्या तंत्रावर छापलेला देव सगळ्यांना हवा होता! रसायनं, प्रकाश, पडदे, हातचलाखी, देवादिकांची चित्रं: पुढे सिनेमात लागलेलं जवळजवळ सगळं त्यांनी आधीच कुणाच्या तरी पगारावर किंवा कंत्राटावर शिकून घेतलं होतं.

१९१२मध्ये ते विमा पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन आले. पण भांडवल कोण देणार? सिनेमा म्हणजे काय हे सावकाराला तोंडी सांगून उपयोग नव्हता. त्यांनी कुंडीत मटार पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मात्र मिनिटभरातच बी रुजून वेल वर चढली. 'अंकुराची वाढ' हे त्या फिल्मचं नाव. ती तिकिटासाठी नव्हतीच, कर्ज देणाऱ्याला दाखवायला होती. मी आजवर पाहिलेला एकही डेमो इतका नेमका नव्हता.

ती पाहून फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. दुसरी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. कोरी फिल्म तेव्हा कडेला भोकं न पाडलेली यायची. घरातली सगळी माणसं जेवली, भांडी झाली, की रात्री अंधारात बसून ती भोकं सरस्वतीबाई पाडत असत.