एक गाव, पाच नावं : सोपाऱ्याचा विखुरलेला इतिहास कसा जोडायचा?

इयरफोन लावलेत ना? तुमच्यापैकी कुणी आत्ता विरार लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असेल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी. कारण आज आपल्याला उतरायचंय नालासोपाऱ्याला.

नालासोपारा म्हटलं की आधी गर्दी आठवते. मग पावसाळ्यात रुळांवर साचलेलं पाणी. पण यातलं सोपारा हे दोन हजार वर्षांपूर्वीचं नावाजलेलं बंदर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्री व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली. त्यात आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांमध्ये ‘सुप्पारा’ येतं आणि लगेच ‘कल्लिएना’, म्हणजे आपलं कल्याण.

आता गंमत बघा. महाभारतात हेच गाव ‘शूर्पारक’ आहे. पाली ग्रंथांत ‘सुप्पारक’. नाशिकच्या लेण्यातल्या उषवदाताच्या शिलालेखात ‘शोर्पारग’. अरब लेखकांकडे ‘सुबारा’. गाव एकच, पण प्रत्येक भाषेने त्याला आपापल्या जिभेवर घोळवलं.

नावांसारख्या वस्तूही विखुरल्या. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उघडला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात आणखी छोटे करंडक, सोन्याची फुलं, बुद्धमूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि 1956 मध्ये जवळच्या भुईगावात नवव्याचा. आज स्तूपातला ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे, अशोकाचा लेख छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि पेरिप्लसची जुनी हस्तलिखित प्रत थेट जर्मनीत, हायडेलबर्गला.

म्हणजे तुम्ही फोनवर ‘सोपारा’ टाइप केलंत, तर ‘शूर्पारक’ लिहिलेली नोंद समोर येईलच असं नाही. माहिती आहे, पण एकमेकींना ओळखत नाही.

इथे कामाला येतो ‘लिंक्ड ओपन डेटा’. नाव जड आहे, कल्पना सोपी. तुमच्या वडिलांचा नंबर तुम्ही ‘बाबा’ म्हणून सेव्ह केलाय, आईने ‘अहो’ म्हणून आणि ऑफिसातल्या माणसाने ‘पाटील साहेब’ म्हणून. नावं तीन, पण नंबर एकच, म्हणून फोन बरोबर त्यांनाच लागतो. तसाच प्रत्येक ठिकाणाला, माणसाला, वस्तूला एक कायमचा नंबर द्यायचा, खरं तर वेबवरचा एक पत्ता. प्राचीन ठिकाणांसाठी ‘प्लेयडीज’ नावाची सूची हे काम करते आणि जवळपास सगळ्याच विषयांसाठी 2012 मध्ये सुरू झालेलं ‘विकिडेटा’.

मग माहिती छोट्या छोट्या वाक्यांत लिहायची. ‘हा शिलालेख – सापडला – सोपाऱ्यात.’ ‘हे नाणं – पाडलं – यज्ञ सातकर्णीने.’ प्रत्येक वाक्याचे तीन भाग : एक गोष्ट, नातं आणि दुसरी गोष्ट. अशी वाक्यं सगळ्यांसाठी खुली ठेवली, की एका संग्रहालयाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीला आपोआप जोडली जाते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी याचे साधे नियम 2006 मध्येच मांडले होते.

फायदा काय? नुसतं शोधायचं नाही, विचारायचं. ‘पेरिप्लसमध्ये आणि आपल्या लेण्यांच्या शिलालेखांत, दोन्हीकडे नाव असलेली बंदरं दाखव.’ नोंदी नीट जोडलेल्या असतील तर उत्तरात सोपारा, कल्याण, चौल आणि भडोच एका नकाशावर येतील. एरवी यासाठी अभ्यासकाला ग्रीक, पाली, प्राकृत अशा कितीतरी भाषांतली पुस्तकं चाळावी लागतात.

पण थांबा, इथेच खरी मेख आहे. काँटॅक्ट लिस्टमध्ये दोन वेगळे ‘संदीप’ एकत्र करून टाकले तर काय होतं? एकाचा मेसेज दुसऱ्याला जातो. इतिहासातही तसंच. बायबलमध्ये राजा सॉलोमनला सोनं पुरवणाऱ्या ‘ओफिर’ बंदराचा उल्लेख आहे. काही अभ्यासकांनी म्हटलं, ओफिर म्हणजे सोपाराच. काहींनी अरबस्तान सांगितलं, काहींनी आफ्रिका. वाद मिटलेला नाही. पण कुणी उत्साहात दोन्ही नोंदी एकच करून टाकल्या, तर हा अंदाज खऱ्या गोष्टीसारखा शंभर ठिकाणी पोचेल. आपल्या गावाची शान वाढली म्हणून आपणही तो फॉरवर्ड करू!

म्हणून जोडणी हा एक दावा असतो, आणि दाव्याला पुरावा लागतो. विकिडेटावर प्रत्येक विधानाखाली संदर्भ देण्याची सोय आहे. चुकीचं ठरलेलं विधान न पुसता ‘हे आता ग्राह्य नाही’ असा शेरा मारून ठेवता येतं. दोन नोंदींवर ‘या वेगळ्या आहेत’ असंही लिहिता येतं. इतिहासाचा चांगला अभ्यासक हेच तर करतो : कोण म्हणालं, कशावरून म्हणालं.

आणि हे काम फक्त प्राध्यापकांचं नाही. तुमच्या गावातली बारव, वीरगळ, जुनं देऊळ यांची नोंद आहे का, ती मराठीत आहे का, हे फोनवरून बघता येतं. नसेल तर भरता येतं. फक्त एक पथ्य पाळा : संदर्भ असेल तरच जोडा. नसेल तर आधी गावातल्या जाणत्यांना विचारा, ग्रंथालय गाठा, गॅझेटिअर उघडा.

पुढच्या वेळी लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन नालासोपारा’ ऐकलंत, तर शूर्पारक, सुप्पारक, सुप्पारा, शोर्पारग, सुबारा ही पाचही नावं आठवा. आणि तुमच्या गावाची जुनी नावं आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!