एकोणिसावा क्रमांक : अँटवर्प १९२० ची मॅरेथॉन आणि पराभवाच्या वाचनाचा प्रश्न

प्रस्तावना

क्रीडा इतिहासाचे लेखन बहुतांशी विजयाचे लेखन असते. पदकतालिकेत ज्याचे नाव आहे तो इतिहासात राहतो आणि ज्याचे नाव नाही तो स्मरणिकेतील एखाद्या ओळीपुरता उरतो. भारतीय संदर्भात ही प्रवृत्ती अधिक ठळकपणे दिसते. बेळगावचे धावपटू फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमधील मॅरेथॉन शर्यतीत मिळविलेला एकोणिसावा क्रमांक हे याचे बोलके उदाहरण होय. या क्रमांकाचा उल्लेख एकतर अभिमानाने केला जातो किंवा अपयश म्हणून तो वगळला जातो. या दोन्ही पद्धतींत मूळ प्रश्न बाजूला पडतो. तो प्रश्न असा की, निराशाजनक निकालातून एखादा समाज नेमके काय शिकतो? प्रस्तुत निबंधात चौगुले यांची शर्यत आणि त्याच शर्यतीत धावलेले जपानचे शिझो कानाकुरी यांची वाटचाल यांचा तौलनिक विचार करून या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी : पुण्याचे मैदान

१९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी मिळविलेल्या पदकांची नोंद भारताच्या नावे केली जाते. तथापि भारतातून संघटितपणे निवडून पाठविलेला पहिला संघ १९२० चाच होय. या संघाचे मूळ पुण्यात आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत त्यांनी ग्रामीण भागातील तरुणांना धावताना पाहिले. १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या आठवणी नमूद केल्या आहेत. धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातील होते, ते अनवाणी धावत होते, आधुनिक पद्धतीचे प्रशिक्षण त्यांना मिळालेले नव्हते आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या होत्या, असा त्या निवेदनाचा आशय आहे.

मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या साहाय्याने भारताच्या सहभागाची वाट मोकळी झाली. सहा जणांचा संघ निवडण्यात आला. त्यात पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी हे धावपटू, तर कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे कुस्तीगीर होते. या नावांवरून एक नजर फिरविली तरी मुंबई इलाख्यातील मराठी मुलखाचा त्यातील वाटा लक्षात येतो. तालमीच्या लाल मातीत घडलेला मल्ल आणि गावच्या वाटेवर घडलेला धावपटू यांना जागतिक स्पर्धेच्या नियमांशी पहिल्यांदाच सामना करावयाचा होता.

शर्यत आणि निकाल

२२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्प येथे मॅरेथॉन झाली. हवा थंड व पावसाळी होती. मार्गाची लांबी ४२.७५ किलोमीटर होती. ऑलिंपिकच्या इतिहासातील ही सर्वांत लांब मॅरेथॉन ठरली, कारण ४२.१९५ किलोमीटर हे अंतर आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक महासंघाने १९२१ मध्ये प्रमाण मानले. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन यांनी २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत शर्यत जिंकली. एस्टोनियाचे युरी लॉसमन त्यांच्यापेक्षा केवळ १२.८ सेकंदांनी मागे राहिले. इटलीचे व्हालेरियो आर्री तिसरे आले. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत अंतर पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. मॅरेथॉनच्या आधी चौगुले १०,००० मीटर शर्यतीच्या प्राथमिक फेरीतही उतरले होते, परंतु त्यांना अंतिम फेरी गाठता आली नव्हती.

विजेत्याच्या वेळेशी तुलना करता चौगुले १८ मिनिटे ९.६ सेकंद मागे होते. पदकाच्या कसोटीवर हा निकाल निराशाजनकच म्हणावा लागेल. पण याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. चौगुले यांचा सरासरी वेग किलोमीटरमागे सुमारे चार मिनिटांचा होता, तर कोलेहमाइनेन यांचा सुमारे ३ मिनिटे ३४ सेकंदांचा. आजच्या प्रमाण अंतरावर ढोबळ गणिताने चौगुले यांची वेळ २ तास ४८ मिनिटांच्या आसपास येते. कोलेहमाइनेन हे १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकलेले, दीर्घ अनुभव असलेले धावपटू होते. चौगुले यांची ऑलिंपिकमधील ती पहिलीच मॅरेथॉन होती आणि शेवटचीही. दोघांमधील खरा फरक या शेवटच्या शब्दात आहे.

तुलना : कानाकुरी यांची दुसरी संधी

याच शर्यतीत शिझो कानाकुरी सोळावे आले. त्यांची वेळ २ तास ४८ मिनिटे ४५.४ सेकंद होती, म्हणजे चौगुले यांच्यापेक्षा दोन मिनिटांनी कमी. उर्वरित तीन जपानी धावपटू, मोतेगी, याशिमा आणि मिउरा, हे तिघेही चौगुले यांच्या मागे राहिले. त्या दिवशी बेळगावचा धावपटू आणि जपानचे धावपटू एकाच पातळीवर होते, असा निष्कर्ष यातून काढता येतो. पुढील काळात जी तफावत पडली तिचे कारण अंगभूत क्षमतेत शोधता येत नाही.

कानाकुरी यांची पूर्वपीठिका या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९१२ मध्ये जहाजाने व ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने सुमारे १८ दिवसांचा प्रवास करून ते स्टॉकहोमला पोहोचले होते. तेथील कडक उन्हात झालेल्या मॅरेथॉनमध्ये ते निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर कोसळले. मार्गालगतच्या एका कुटुंबाने त्यांची शुश्रूषा केली आणि आयोजकांना न कळविताच ते मायदेशी परतले. परिणामी अनेक वर्षे ते स्वीडनमध्ये 'बेपत्ता धावपटू' म्हणून चर्चेत राहिले. १९६७ मध्ये त्यांना सन्मानाने बोलावून शर्यत पूर्ण करण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्यांची नोंदली गेलेली वेळ ५४ वर्षांहून अधिक होती. ही कथा गमतीने सांगितली जाते, पण तिचा महत्त्वाचा भाग १९१२ आणि १९६७ यांच्या मधल्या काळात आहे.

स्टॉकहोमचा पराभव कानाकुरी यांनी व्यक्तिगत लाजिरवाण्या प्रसंगापुरता राहू दिला नाही. एका धावपटूला एकट्याने पाठवून भागणार नाही, दीर्घ पल्ल्याचे अनेक धावपटू एकाच वेळी घडले पाहिजेत, हा धडा त्यांनी घेतला. १९१७ मध्ये क्योतो ते टोकियो अशी टप्प्याटप्प्यांची शर्यत झाली, तीत ते सहभागी होते. फेब्रुवारी १९२० मध्ये, म्हणजे अँटवर्पच्या सहा महिने आधी, त्यांच्या पुढाकाराने टोकियो-हाकोने ही महाविद्यालयीन टप्प्यांची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी चार शिक्षणसंस्थांनी भाग घेतला. खांद्यावरील पट्टा एका धावपटूकडून दुसऱ्याकडे सोपविण्याच्या या पद्धतीने मॅरेथॉनसारख्या एकाकी खेळाला महाविद्यालयाच्या सामूहिक प्रतिष्ठेशी जोडले. अँटवर्पमधील सोळावा क्रमांकही पदकाच्या दृष्टीने निराशाजनकच होता आणि १९२४ मध्ये कानाकुरी यांना शर्यत पूर्णही करता आली नाही. परंतु १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये यामादा आणि त्सुदा हे जपानी धावपटू अनुक्रमे चौथे व सहावे आले. १९३६ मध्ये बर्लिन येथे जपानच्या नावे नोंदले गेलेले सुवर्णपदक जिंकणारे सोन की-चुंग हे वस्तुतः जपानच्या वसाहतीतील कोरियन धावपटू होते, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. क्रीडायशाच्या इतिहासात सत्तेचा इतिहास मिसळलेला असतो.

भारतात काय शिकले गेले?

अँटवर्पच्या अनुभवातून भारतात काहीच शिकले गेले नाही, असे म्हणता येणार नाही. दोराबजी टाटा १९२० मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. त्याच वर्षी मद्रास येथे हॅरी क्रो बक यांनी वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. १९२४ मध्ये दिल्ली येथे अखिल भारतीय ऑलिंपिक स्पर्धा झाल्या आणि १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. ही कामगिरी मोठी आहे. परंतु यात एक भेद दिसतो. जपानमध्ये पराभूत धावपटूच पुढच्या पिढीचा शिक्षक झाला आणि संस्था त्याच्या अनुभवाभोवती उभी राहिली. भारतात संस्था उभी राहिली ती संघनिवड व प्रतिनिधित्व यांच्यासाठी. अँटवर्पच्या शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये काय घडले हे ज्याला माहीत होते, त्या धावपटूच्या अनुभवाला त्या रचनेत स्थान मिळाले नाही. वसाहतकालीन परिस्थिती, निधीची टंचाई आणि क्रीडासंघटनेवरील उच्चवर्गीय वर्चस्व ही त्यामागील कारणे मानता येतील. टाटांसारख्या व्यक्तीच्या औदार्यावर चालणारी व्यवस्था एक संघ पाठवू शकते. पण एकाच धावपटूला दुसऱ्यांदा पाठविण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते.

दुसऱ्या संधीचे मोल कुस्तीच्या क्षेत्रात स्पष्ट दिसते. अँटवर्प येथे रणधीर शिंदे कांस्यपदकाच्या लढतीत ब्रिटनच्या मल्लाकडून पराभूत झाले आणि चौथे राहिले. त्यानंतर १९४८ मध्ये कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव लंडन येथे सहावे आले. मातीऐवजी मॅटवरील कुस्तीची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची ओळख त्यांना याच काळात झाली. खाशाबांना १९५२ मध्ये हेलसिंकीला पुन्हा जाता आले. त्यासाठी लागणारा पैसा गावकरी व हितचिंतकांच्या मदतीने उभा राहिला आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळाले. लंडनचा सहावा क्रमांक शिक्षण ठरला तो या दुसऱ्या प्रवासामुळे.

मॅरेथॉनमध्ये चौगुले यांच्यापेक्षा सरस स्थान भारताला १९७६ मध्ये मिळाले. मॉन्ट्रियल येथे शिवनाथ सिंग अकरावे आले. त्यांची वेळ २ तास १६ मिनिटे २२ सेकंद होती. सैन्यदलाने त्यांना नियमित सराव आणि पुढील स्पर्धांची संधी दिली. १९७८ मध्ये जालंधर येथे त्यांनी नोंदविलेली २ तास १२ मिनिटांची वेळ चार दशकांहून अधिक काळ राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. शिवनाथ सिंग हेही अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध होते. १९१९ च्या पुण्यात दोराबजींना दिसलेले दृश्य अर्धशतकानंतरही पुन्हा दिसावे, यात कौतुकाइतकाच चिंतेचाही भाग आहे. त्यांचा विक्रम इतका काळ टिकला ही बाबही त्यांच्या थोरवीबरोबरच त्यांच्या मागे न घडलेल्या पिढ्यांची साक्ष देते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, निराशाजनक निकाल स्वतःहून काहीही शिकवीत नाही. तो शिकवितो तेव्हा तीन गोष्टी घडलेल्या असतात. पराभूत व्यक्तीला पुन्हा उतरण्याची संधी मिळालेली असते, तिच्या अनुभवाची नोंद झालेली असते आणि तो अनुभव पुढील पिढीकडे सोपविणारी संस्था अस्तित्वात असते. कानाकुरी यांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी घडल्या, खाशाबांच्या बाबतीत पहिली घडली, तर चौगुले यांच्या बाबतीत बहुधा एकही घडली नाही.

म्हणूनच एकोणिसाव्या क्रमांकाचे केवळ गौरवीकरण करणे हे त्याचे विस्मरण होण्याइतकेच अपुरे आहे. चौगुले यांनी पावसात ४२.७५ किलोमीटर अंतर पूर्ण केले आणि जपानच्या तीन धावपटूंना मागे टाकले. त्यांच्या वाट्याचे काम तेथे पूर्ण झाले होते. शिकण्याचे काम इतरांकडे होते. महाविद्यालयांच्या दृष्टीने यातील बोध विशेष आहे. हाकोनेची परंपरा चार शिक्षणसंस्थांच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली होती. आपल्या महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालात क्रीडा विभागाखाली विजेत्यांची यादी असते. विसाव्या, तिसाव्या क्रमांकावर आलेल्या विद्यार्थ्याची वेळ, त्याचा सराव आणि त्याने पुढील वर्षी केलेली प्रगती यांची नोंद त्यात क्वचितच आढळते. ती नोंद ठेवली जाऊ लागेल तेव्हा अँटवर्पच्या मॅरेथॉनचा धडा, उशिरा का होईना, घेतला गेला असे म्हणता येईल.