शरदातला चिकू-काजू केक

फळांचा केक म्हटला की बाजारातून टुटीफ्रुटी आणली जाते. ही टुटीफ्रुटी म्हणजे बहुधा साखरेत मुरवलेली, रंगवलेली कच्ची पपई. पालघर किंवा बोईसर-तारापूरला राहणाऱ्यांना मात्र त्याहून सरस मेवा जवळच मिळतो. बोईसरपुढे वाणगाव आणि मग डहाणू रोड; तेथून घोलवडपर्यंत चिकूच्या वाड्या पसरल्या आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन लाभले असून २०२१ मध्ये तो ब्रिटनलाही रवाना झाला. जिल्ह्यात सुमारे ५ हजार हेक्टर जमीन चिकूखाली आहे.

पिकलेला चिकू फार दिवस टिकत नाही, ही बागायतदारांची जुनी चिंता. फोडी उन्हात सुकवल्या की तोच चिकू महिनोन् महिने राहतो. केकसाठीही सुकवलेलाच चिकू घ्यावा. ताज्या गरातील पाण्यामुळे केक मध्ये ओलसर, गच्च राहतो. जोडीला वसई-आगाशीची सुकेळी, म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली राजेळी केळी, आणि जव्हारकडचे काजू घ्यावेत.

साहित्य : मैदा २०० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चमचा, लोणी १५० ग्रॅम, गुळाची पावडर १५० ग्रॅम, अंडी ३, सुका चिकू १०० ग्रॅम, सुकेळी ५० ग्रॅम, काजू ७५ ग्रॅम, जायफळपूड पाव चमचा, चिमूटभर मीठ, अर्धा कप कोरा चहा.

कृती : चिकू व सुकेळीचे बारीक तुकडे गरम कोऱ्या चहात दोन तास भिजवावेत. नंतर निथळून, कपड्याने टिपून घ्यावेत. लोणी व गूळ हलके होईपर्यंत फेसावे. अंडी एकेक करून घालावीत. मैदा, बेकिंग पावडर, मीठ व जायफळ एकत्र चाळून हलक्या हाताने मिसळावे. फळे व काजूचे तुकडे दोन चमचे मैद्यात घोळवून शेवटी घालावेत. त्यामुळे ते तळाशी बसत नाहीत. सात इंची भांड्याला लोण्याचा हात लावून आत कागद घालावा. मिश्रण ओतून १६० अंश सेल्सिअसला तासभर भाजावे. विणायची सुई मध्यभागी खुपसून कोरडी निघाली की केक झाला. गुळामुळे वरचा भाग लवकर करपतो. तो तांबूस होताच वर कागद झाकावा.

केक पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नये. किनारपट्टीच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते, म्हणून तो घट्ट डब्यात ठेवावा व तीन दिवसांनंतर फ्रीजमध्ये हलवावा. दुसऱ्या दिवशी चिकूची चव अधिक मुरलेली लागते.