आठवा सर्व्हर

आज लढाईची गोष्ट नाही, शेअर बाजाराची आहे. पण माझ्यासारख्या जुन्या फौजीला ती ओळखीची वाटते.

1 ऑगस्ट 2012, बुधवार. न्यूयॉर्कचा बाजार सकाळी साडेनऊला उघडला आणि नाईट कॅपिटल या अमेरिकेतल्या बड्या दलाली कंपनीचे संगणक वेड्यासारखे सौदे करू लागले. पाऊण तासाने ते थांबले, तोवर 154 कंपन्यांच्या समभागांत 40 लाखांहून जास्त सौदे होऊन गेले होते. नुकसान 46 कोटी डॉलरच्या वर.

झालं काय होतं? त्या दिवशी एक्स्चेंज किरकोळ गुंतवणूकदारांसाठी नवी योजना सुरू करत होतं. तिच्यासाठी कंपनीने नवा कोड लिहिला आणि तो चालू करायला एक जुना फ्लॅग पुन्हा वापरला. फ्लॅग म्हणजे फक्त 'हो' किंवा 'नाही' सांगणारी खूण. पूर्वी हीच खूण 'पॉवर पेग' नावाचं काम सुरू करायची. 2003 पासून ते कोणी वापरत नव्हतं, पण त्याचा कोड काढून टाकलेला नव्हता.

फौजेत रंगीत फ्लेअर उडवून इशारा देतात. समजा, गेल्या मोहिमेत हिरव्या फ्लेअरचा अर्थ 'पुढे चला' होता आणि या वेळी तो 'थांबा' ठरला. नवा हुकूम आठपैकी सात चौक्यांना पोहोचला, आठवीला नाही. फ्लेअर एकच उडेल, पण आठवी चौकी काय करेल ते तुम्हीच सांगा. इथेही सर्व्हर आठच होते. 27 जुलैपासून नवा कोड चढवायला सुरुवात झाली, आणि एका सर्व्हरवर तो चढवायचा राहून गेला.

आता खरा घोळ. पॉवर पेग एका मोठ्या ऑर्डरचे तुकडे करून बाजारात पाठवायचा आणि किती शेअर झाले याची बेरीज ठेवायचा. बेरीज भरली की थांबायचं. 2005 मध्ये ही बेरीज ठेवणारा भाग कोडमध्ये अलीकडे सरकवला गेला. त्यानंतर पॉवर पेग नीट चालतो का, हे कुणी तपासलं नाही. बंद पडलेली तोफ कोण साफ करतो! त्यामुळे त्या सकाळी आठव्या सर्व्हरला आपलं काम पूर्ण झाल्याचं कधी कळलंच नाही. आलेल्या ऑर्डरी फक्त 212, पण त्यांचे तुकडे तो पाठवतच राहिला.

मला सर्वांत जास्त छळतं ते पुढचं. नुकसान वाढत असताना इंजिनिअर चूक शोधत होते. त्यांना वाटलं, नवा कोडच बिघडलाय. म्हणून त्यांनी तो उरलेल्या सातही सर्व्हरवरून काढून टाकला. फ्लॅगची किंमत मात्र 'हो' तशीच राहिली. म्हणजे सात शहाण्या चौक्यांच्या हातातही जुना हुकूम दिला! एक सर्व्हर करत होता ते आता आठही करू लागले. तुमच्यातले जे बंगळूर-हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांना ही घाई ओळखीची असेल. फ्लॅगमध्ये चुकीचं असं काही नव्हतंच. तो वाचणारा कोड कुठला, हे आठही ठिकाणी जाऊन बघायला हवं होतं. पण आग लागलेली असताना माणूस सगळ्यांत शेवटी बदललेल्या गोष्टीवरच झडप घालतो. मीही घातली असती.

इशारा मिळालाच नव्हता असंही नाही. सकाळी 8:01 पासून बाजार उघडेपर्यंत कंपनीच्या यंत्रणेने 97 ईमेल पाठवले होते आणि त्यांत 'पॉवर पेग बंद आहे' अशी चूक लिहिलेली होती. पण हे ईमेल धोक्याची घंटा म्हणून बनवलेलेच नव्हते. संत्री ओरडत होता, पण त्याचं ऐकायचं असं कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

ऑक्टोबर 2013 मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने 1 कोटी 20 लाख डॉलरचा दंड ठोठावला. त्याआधीच ती कंपनी आणि गेटको ही दुसरी कंपनी यांचं विलीनीकरण झालं होतं. नियामकाच्या आदेशात एक साधी गोष्ट नोंदवलेली आहे. कोड आठही सर्व्हरवर चढला का, हे दुसऱ्या माणसाने पाहिलं नव्हतं आणि पाहावं असा लेखी नियमही नव्हता. आमच्याकडे रायफल जमा करतानाही चेंबर दुसरा जवान बघायचा.