वाडा, सोसायटी, टॉवर: पानशेतनंतरचं पुणे

आजचा एपिसोड पुण्याच्या घरांबद्दल आहे. सहकारनगर किंवा गोखलेनगरमधून गाडीवर जा, थोड्या थोड्या अंतरावर पत्रे ठोकलेले दिसतात आणि वर रिडेव्हलपमेंटचा फ्लेक्स. जुनी बुटकी इमारत पडते, तिथे टॉवर येतो. पण मुळात ही वस्ती इथे आली कशी? त्यासाठी १२ जुलै १९६१ या दिवसाकडे जायला लागतं.

तेव्हाचं पुणे म्हणजे साधारण सहा लाखांचं शहर. पेठांमध्ये वाडे, आणि वाड्यांत भाडेकरूंची बिऱ्हाडं. दोन खोल्या, चौकात नळ, संडास सामाईक. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडी गोठलेली होती. भाडेकरूला कोणी सहज काढू शकत नव्हतं, पण मालकालाही दुरुस्तीवर खर्च करण्यात काही रस नव्हता. घर होतं, पण ते स्वतःचं नव्हतं.

आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण तेव्हा पूर्ण झालेलं नव्हतं. तरीही त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिलं. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग संपायच्या आधीच प्रॉडक्शनला टाकलं. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते कसंबसं रात्रभर टिकवलं. सकाळी ते फुटलं. ते पाणी खडकवासल्याला आलं आणि १८७९ चं ते दगडी धरणही फुटलं. जवानांनी ती रात्र ढकलली नसती, तर मुठेचा लोंढा लोकांना झोपेत गाठता.

आता वाड्यांचं बांधकाम बघा. लाकडी सांगाडा आणि माती-विटांच्या भिंती. पाण्याच्या लोंढ्याने काही वाडे लगेच पडले, काहींच्या भिंती भिजून नंतर बसल्या. शनिवार, नारायण, कसबा अशा नदीकाठच्या पेठांतली हजारो कुटुंबं एका दिवसात उघड्यावर आली. आणि वाडाच गेल्यावर भाडेकरूचा हक्क सांगायचा कशावर?

इथे पुण्यात एक वेगळी गोष्ट घडली. महापालिकेचे पहिले आयुक्त राहिलेले स. गो. बर्वे यांना मदतकार्यासाठी पुन्हा पुण्यात आणलं गेलं. गोखलेनगरला अर्धगोल पत्र्याच्या निसन हट उभ्या राहिल्या. पर्वतीच्या पलीकडे, तळजाईच्या पायथ्याशी पूरग्रस्तांच्या गृहनिर्माण संस्था आल्या. सहकारनगर हे नाव उगीच पडलेलं नाही. जमीन सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली. त्यावर लोकांनी एकत्र येऊन सोसायट्या केल्या. अशा संस्थांची संख्या शंभराच्या पुढे गेली.

माझ्या मते मोठा बदल हाच. वाड्यातला भाडेकरू सोसायटीचा सभासद झाला. पुनर्वसन करताना वाडा कोणाच्या नावावर होता एवढंच बघितलं नाही, तर तिथे राहत कोण होतं हेही बघितलं. पुढे १९६३ मध्ये महाराष्ट्रात ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला, पिंपरीकडे कारखाने वाढले आणि शहर पसरलं. शहर तसंही वाढलंच असतं. पण पेठ सोडून टेकडीपाशी राहायला जायची सवय हजारो घरांना पुराने एका फटक्यात लावली.

आता आजकडे येऊ. त्या सोसायट्या साठीच्या आसपास आल्या. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, गळती आहे. त्यांना रिडेव्हलपमेंट हवंय, आणि ते चूक नाही. तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलेल्या आजी-आजोबांना विचारा. पण जमीन सरकारी असल्यामुळे मालकी हक्काची फाइल वर्षानुवर्षं फिरत राहिली. इतर सोसायट्यांत कन्व्हेयन्स अडतं. २०१९ च्या सरकारी नियमावलीप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. सभासदाला वाढीव एरिया, कॉर्पस आणि काम चालू असेपर्यंत भाडं मिळतं.

फक्त सभासदाला. मी एका जुन्या सोसायटीत लिव्ह अँड लायसन्सवर राहत होतो. रिडेव्हलपमेंट ठरल्यावर मालकाने दोन महिन्यांत खोली सोडा म्हणून सांगितलं. कायद्याने त्यांचं बरोबरच होतं. करार अकरा महिन्यांचा, आणि मिटिंगमध्ये माझं नावही असायचं कारण नव्हतं. माझं काय, लॅपटॉप उचलला आणि दुसरीकडे गेलो. पण त्याच मजल्यावर डबे करून देणाऱ्या एक मावशी होत्या, त्याही भाड्याने. त्यांची सगळी गिऱ्हाइकं चालत जाण्याच्या अंतरावर होती. त्या लांब गेल्या आणि डबे बंद झाले. फ्लॅटमालकाला नवीन घर मिळेल. मावशींचं नाव कुठल्याच यादीत नाही.

१९६१ ची व्यवस्था आदर्श होती असं मी म्हणत नाही. अनेकांची तात्पुरती घरंच कायमची झाली. पण तेव्हा भाडेकरू मोजला गेला होता. आज शहरात भाड्याने राहणाऱ्या माझ्यासारख्यांची एवढी गर्दी आहे, आणि सोसायटीच्या ठरावात त्यांच्यासाठी एक ओळ नसते. निदान पुरेशी आधी नोटीस, डिपॉझिट वेळेवर परत, एवढं तरी सोसायट्यांना ठरावात लिहिता येईल. त्यासाठी नवीन कायदा लागत नाही.

तुमच्या घरात पानशेतच्या पुरानंतर पेठेतून बाहेर आलेलं कोणी असेल, तर त्यांना एवढं नक्की विचारा: आधी भाडं किती होतं, आणि पहिला कागद तुमच्या नावावर कधी झाला? उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. आणि तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली असेल, तर पुढच्या मिटिंगमध्ये भाडेकरूंचा विषय काढा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!