नाव घडविणाऱ्यांची नावे

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव. अशा गावाचा इतिहास सांगू लागले की संस्थापक, भांडवल, गाळप यांची नोंद चटकन हाती लागते. परंतु चरकावर आणि भट्टीवर ज्यांचे आयुष्य गेले त्यांची नावे मात्र शोधूनही सापडत नाहीत. एका उद्योगावर उभ्या राहिलेल्या गावांचे हे दुखणे जुनेच आहे. ते किती जुने, हे पाहण्यासाठी आपण घाट उतरून कोकणात, विजयदुर्गाच्या खाडीत जाऊ.

विजयदुर्ग म्हटले की डोळ्यांसमोर तिहेरी तटबंदी येते. या गावाचे दुसरे अंग किल्ल्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर, वाघोटण खाडीच्या काठी गिर्ये येथे आहे. तेथे खडक फोडून सुमारे 109 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद अशी गोदी तयार केलेली आहे. परंपरा तिचा संबंध आंग्र्यांशी जोडते. चारशे-पाचशे टनांची जहाजे येथे बांधली आणि दुरुस्त केली जात. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावे, ओहोटीला ते कोरडे करावे, तळ खरवडावा, फळ्यांच्या सांधी बुजवाव्यात आणि पुन्हा भरतीवर बाहेर काढावे, अशी ही समुद्राच्याच वेळापत्रकावर चालणारी कार्यशाळा होती.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या व्यवसायाची ओळख 'आज्ञापत्रा'तून होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावरील या 1715च्या ग्रंथात आरमाराचे प्रकरण आहे. डोलकाठ्यांना आणि तख्त्यांना मोठे लाकूड लागते, हे लेखकाला ठाऊक आहे. राज्यातील सागवान परवानगीने तोडावे, अधिक लागेल ते परमुलुखातून विकत आणावे, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असे तो बजावतो. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. या उताऱ्याचे पर्यावरणविचार म्हणून कौतुक होते आणि ते योग्यच आहे. परंतु आमच्या मते, जहाजबांधणीची खरी किंमत कोण मोजतो हा प्रश्न मराठी गद्याने येथे इतक्या स्पष्टपणे विचारला, हे त्याचे अधिक मोठे महत्त्व. ज्याच्या दारातले झाड तुटायचे तो रयतेतला माणूस या गद्यात दिसतो. त्या झाडाचे जहाज करणारा सुतार मात्र तेथे ठळकपणे उभा राहत नाही.

हा सुतार किरकोळ माणूस नव्हता. शिवाजी महाराजांनी 1659च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे आरमार उभारण्यास आरंभ केला, तेव्हा पोर्तुगीज कारागीर कामावर घेतले होते. आपल्या माणसांच्या हातून शेजाऱ्याचे आरमार तयार होत आहे हे पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लक्षात आले आणि त्यांच्या सांगण्यावरून ते कारागीर काम टाकून निघून गेले. तोफ विकत मिळते, लाकूडही मिळते. परंतु जहाज घडविणारा हात निघून गेला तर राज्याचा बेत अडतो, हा त्या प्रसंगाचा अर्थ. पुढे पन्नास-साठ वर्षांत कान्होजी आंग्र्यांच्या काळी गुराबा आणि गलबते किनाऱ्यावरच बांधली जाऊ लागली, याचे श्रेय केवळ सरखेलांच्या पराक्रमाला देऊन चालणार नाही.

फेब्रुवारी 1756मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून विजयदुर्गावर आले. जमिनीकडून पेशव्यांची फौज होती. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली आणि पाहता पाहता तुळाजी आंग्र्यांचे नांगरलेले आरमार जळून गेले. एका मराठी सत्तेने दुसरीविरुद्ध इंग्रजांना बोलाविल्याचा हा प्रसंग आपण राजकीय चूक म्हणून शिकवितो. पण त्या एका दिवसात किती वर्षांची कारागिरी जळाली, याचा हिशोब कोणी मांडलेला नाही. तरीही काम थांबले नाही. पेशव्यांच्या आरमाराचे केंद्र म्हणून विजयदुर्ग पुन्हा उभे राहिले आणि एप्रिल 1783मध्ये आनंदराव धुळपांनी कंपनीचे 'रेंजर' जहाज पकडले. आपल्याला धुळप आठवतात. त्यांच्या पायाखालची गलबते कोणी बांधली ते आठवत नाही.

याच शतकात, याच किनाऱ्यावर दुसरे चित्र दिसते. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया 1736मध्ये मुंबईच्या गोदीत आले. त्यांच्या घराण्यातील जहाजबांधणाऱ्यांना कंपनीने चांदीची मोजपट्टी देऊन गौरविले. त्यांनी मलबारी सागवानातून बांधलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज ऑक्टोबर 1817मध्ये पाण्यात उतरले आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. पुढच्याच वर्षी पेशवाई संपली आणि विजयदुर्ग इंग्रजांच्या हाती गेला. वाडियांची नावे टिकली ती त्यांच्या गुणांमुळे, हे खरेच. पण त्यांच्या मागे जहाजागणिक नोंद ठेवणारी कचेरी होती, हेही तितकेच खरे. मुंबईच्या गोदीतही करवत ओढणारे शेकडो हात निनावीच राहिले. स्मृती ही कागदाच्या कृपेवर जगते, आणि कागद तर धन्याच्या घरी असतो.

जुलै 2025मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या 12 किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत विजयदुर्ग आहे. त्याचा आनंद आम्हांस आहेच. परंतु यादीत नाव आहे ते दुर्गाचे. बखरींमधून लढाई शिकविताना आणि 'आज्ञापत्रा'तून राजनीती शिकविताना, गिर्ये येथील तो कोरलेला खडक हेही एक वाचावयाचे साधन आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. त्यावर कोणाची स्वाक्षरी नाही. पण छिन्नीचा प्रत्येक घाव कोणा ना कोणा माणसाचा आहे. श्रीपुरासारख्या गावांत असे हात अजून बोलू शकतात. त्यांची नावे आजच लिहून ठेवली, तर शंभर वर्षांनी कोणाला ती दगडात शोधावी लागणार नाहीत.